काटा सरळ उभा होता

"माझं बोलून संपलं होतं, मिस," रेन्झो म्हणाला.

तो हे इतक्या निर्मळपणे म्हणाला, की सिग्रुन आयनार्सनला क्षणभर वाटलं, आपल्याच कानांत काही बिघाड झालाय. खिडकीजवळच्या टेबलाशी ती सहज म्हणून थांबली होती. बाकीच्यांची उत्तरं थोडी इकडे, थोडी तिकडे अशी आली होती. या तिघांचं मात्र पुस्तकातल्या आकड्याच्या पाऊणपटही भरत नव्हतं. बर्फ वितळायला किती उष्णता लागते, ते मोजण्याचा साधा प्रयोग. फोमच्या कपात कोमट पाणी घ्यायचं, बर्फाचा खडा कागदाने टिपून कोरडा करायचा, आत सोडायचा आणि थर्मामीटरकडे बघत बसायचं. खडा ओला राहिला तर वरचं पाणीही बर्फ म्हणून मोजलं जातं आणि सगळं गणित ढासळतं. हाबेनने खडा टिपला नव्हता. आणि ते रेन्झोने पाहिलं होतं. पाहिलंस तर बोलला का नाहीस, असं सिग्रुनने विचारलं, त्याचं हे उत्तर. "डीलियाची वेळ चालू होती ना," तो पुढे म्हणाला. "माझा वाटा मी आधीच खाल्ला होता. आणखी एक वाक्य टाकलं असतं तर काटा कलला असता." आणि त्याने भिंतीकडे मान वळवली, जिंकलेल्या ढालीकडे बघावं तशी. भिंतीवर प्रत्येक टेबलाच्या नावाची पुठ्ठ्याची तबकडी होती आणि तिच्यावर एक तांबडा काटा. गटातला एखादा जास्त बोलला, उपकरण त्याच्याच हातात राहिलं, की काटा कलायचा. खिडकीजवळच्या टेबलाचा काटा सरळ उभा होता. सोनाराच्या तराजूचा असतो तसा, ना इकडे ना तिकडे. सिग्रुनने वर्गभर नजर फिरवली. सगळेच काटे सरळ उभे होते. खोलीत कुजबुजीपेक्षा मोठा आवाज नव्हता. रेडिएटरवर वाळत घातलेल्या हातमोज्यांचा ओलसर लोकरी वास पसरला होता, आणि सगळी मुलं शहाण्यासारखी आपापली वेळ येण्याची वाट बघत होती.

"पुढच्या वेळी बोल," ती म्हणाली, आणि पुढच्या टेबलाकडे गेली. दुसरं काय म्हणणार? पण त्याचं ते वाक्य तिच्या मागे लागलं. तास संपला, मुलं गेली, कोण किती बोललं ते मोजून काटे फिरवणारी बारावीतली निरीक्षक मुलं आपापले कागद देऊन गेली, तरी ते तिथेच होतं. बोलून संपलं. जसं काही बोलणं म्हणजे दूध, सकाळी दारात बाटली येते, ती संपली की संपली. आणि हे त्या मुलाला शिकवलं कुणी? तिने शिकवलं. भिंतीवरचा एकेक पुठ्ठा तिने स्वतःच्या हाताने कापला होता. तो कापताना तिच्या मनात काय होतं, हे तिला आजही स्वच्छ आठवत होतं. राग होता. वर्षानुवर्षं जपलेला, घासूनपुसून लख्ख ठेवलेला राग. याच शहरातल्या विद्यापीठात ती शिकत होती तेव्हा प्रयोगशाळेत तिघांचे गट असत. तिच्या गटात ती, ब्राइस नावाचा एक उंच मुलगा, आणि दुसरा एक, ज्याचं नाव आपण विसरलो असं सोंग ती कायम करत आली होती. ते दोघे वजनकाट्याच्या कळा फिरवायचे, ज्योत कमीजास्त करायचे. ती परीक्षानळ्या धुवायची आणि आकडे उतरून घ्यायची. वर्षाच्या शेवटी प्राध्यापक तिला म्हणाले होते, "मिस आयनार्सन, तुमचं अक्षर फार सुरेख आहे." सोड्याच्या कढत पाण्याने तळहातांची सालं निघालेली होती, ते हात तिने तेव्हा पाठीमागे लपवले. पुढे शिक्षिका झाली तेव्हा तिने मनाशी ठरवूनच टाकलं, की माझ्या वर्गात कुणी नुसतं धुणार नाही आणि कुणी नुसतं फिरवणार नाही. आणि तसं झालंही. थोडंथोडकं नव्हे, चांगलं झालं. ज्या मुली थर्मामीटरला हात लावायला कचरायच्या त्या आता ज्योतीवर काचेच्या नळ्या वाकवत होत्या. तिच्याकडे शिकलेली एक मुलगी उत्तरेकडच्या धरणावर जनित्रं दुरुस्त करत होती आणि दर ख्रिसमसला ग्रीसने माखलेल्या हातांचा फोटो पाठवत होती. इतर शाळांतले शिक्षक बघायला येत. सिग्रुनला याचा अभिमान होता आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

मग आता हे असं कुठे दुखतंय? स्टाफरूममध्ये कॉफीचा मग हातात धरून ती खिडकीशी उभी राहिली. बाहेर नॉर्थ एंड वस्तीचे रस्ते मीठ टाकून करड्या झालेल्या बर्फाने भरलेले होते, आणि कुणाची तरी गाडी थंडीने गारठून खोकत होती. तिला ब्राइस आठवला. त्याचा चेहरा नव्हे, त्याची कोपरं आठवली, टेबल अडवून ठेवणारी. आणि हळूहळू दुसरीच एक गोष्ट आठवली, जी इतकी वर्षं तिने रागाच्या मागे ठेवली होती. ती गप्प कुठे होती त्या टेबलाशी? ती तर सारखी बोलायची. ज्योत मोठी आहे, नळी ओली आहे, हे मोजायच्या आधी थंड होऊ द्यायला हवं. ती बोलायची आणि ते शब्द टेबलावर पडून वाफ होऊन जायचे. थोड्या वेळाने ब्राइस तेच म्हणायचा आणि दुसरा म्हणायचा, "अरे हो की!" म्हणजे, आणि इथे मगातली कॉफी तिच्या बोटांना एकदम कढत लागली, म्हणजे त्या प्रयोगशाळेत भिंतीवर हा तांबडा काटा असता, तर निदान शब्दांच्या मोजणीत तरी तो जवळजवळ सरळच उभा राहिला असता. कुणी तिला म्हणालं असतं, बघा, सगळं कसं समान आहे. आणि तिला तक्रार करायला जागा उरली नसती.

"सिग्गा! तुलाच शोधतोय." लेन प्रोकप आत आला. मुख्याध्यापक असूनही त्याच्या अंगात अजून शाळेच्या हॉकी संघाचा प्रशिक्षकच राहत होता. चालताना तो सगळ्यांना बाजूला सारत येतोय असं वाटायचं. "पुढच्या गुरुवारी येतायत. शिक्षणखात्याची तिघं माणसं. ती मॅक्किननबाई स्वतः येणार. तिला पटलं ना, तर पुढच्या वर्षी प्रांतातल्या सगळ्या शाळांत तुझे काटे लागतील. सगळ्या! समजतंय का तुला?" "समजतंय." "मग तोंड असं का? आंबट खाल्ल्यासारखं?" तिने त्याला रेन्झोचं सांगितलं. लेन पोट धरून हसला. "अगं, कार्टं बेरकी आहे ते! त्याची आई माझ्या घराशेजारच्या बेकरीत असते, तीही तसलीच." मग हसणं आवरून म्हणाला, "पण हे गुरुवारनंतर बघ हं. गुरुवारी काटे सरळ असू देत." तो गेल्यावर त्याच्या पेपरमिंटचा वास मागे रेंगाळला. सगळ्या शाळांत. ते शब्द तिने तोंडात घोळवून पाहिले. गोड लागले. खोटं कशाला बोला, फार गोड लागले. सरोवराकाठच्या गिमलीच्या कोळ्याची पोर, आणि सगळ्या प्रांतात तिचा काटा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने तिघांना बोलावून घेतलं. डीलिया स्पेन्स आली ती सँडविच खात खात. पोरगी अशी तिखट, की तिच्याशी बोलताना शिक्षकसुद्धा वाक्य आधी मनात तपासून घेत. रेन्झो भाताचा डबा घेऊन आला आणि डबा उघडण्याआधीच बोलायला लागला. हाबेन त्यांच्या मागून आली. दीड वर्षापूर्वी एरिट्रियाहून, मधे कुठेकुठे थांबत, ती आणि तिची आई या गावात पोचल्या होत्या. ती दाराशी थोडी थांबायची, आत यायची परवानगी आपल्याला आहे ना, याची खात्री करून घेतल्यासारखी. सिग्रुनने सरळच विचारलं, "मला खरं सांगा. काटा सरळ ठेवायचा म्हणून तुम्ही काय काय करता?" तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग डीलियाने सँडविच खाली ठेवलं. "सगळं करतो, मिस. आधी वेळा वाटून घेतो. नवीन सांगण्यासारखं काही नसलं तरी बोलतो. 'पाणी पारदर्शक आहे' असलं काहीतरी. थर्मामीटर गोल फिरवतो, जेवताना मीठ फिरवतात ना, तसा. राग नका येऊ देऊ, पण तुम्ही आम्हाला न्याय नाही शिकवलात. रांग शिकवलीत." "आणि रांगेत उभा राहून राहून मी मेलो," रेन्झो म्हणाला. "बोलणं घशात अडकतं माझं. घरी जाऊन भिंतीशी बोलतो." "तू भिंतीशीच बोल, तिला सवय झाली असेल," डीलिया म्हणाली.

सिग्रुनला राग आला. आतून भस्सकन वर आला, त्या जुन्या रागाचाच भाऊबंद. काय माहीत आहे तुम्हाला, तिला म्हणावंसं वाटलं, रांगच नसते तेव्हा काय होतं ते? पण तेवढ्यात हाबेन बोलली, आणि ती बोलायला लागली की तिघांतल्या बाकीच्या दोघांना आपोआप हळू श्वास घ्यायची सवय लागली होती. "रांग होती म्हणून मी बोलले," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी माझी वेळ आली. मला शब्द सापडेना. ही दोघं गप्प. मी शोधत राहिले, तरी गप्प. माझ्यासाठी इतका वेळ कुणी गप्प बसलं नव्हतं." रेन्झोने डब्यात चमचा उगाचच फिरवला. डीलिया जराशी वरमली, पण जराशीच. "ते तेव्हा ठीक होतं गं. आता तू बोलतेस की धडाधड. आता कशाला ते?" हाबेनने विचार केला. "आता नको," ती म्हणाली. "आता मला पण मध्येच बोलायचं असतं." आणि ती हसली, ओठ दाबून, काहीतरी उर्मट बोलून गेल्यासारखी. सिग्रुनचा राग कुठल्या कुठे गेला. तिला एकदम त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. तिने तो ठेवला नाही. "मग काय करायचं आता?" तिने विचारलं. "ते तुम्ही सांगा, मिस," रेन्झो म्हणाला. "पगार तुम्हाला मिळतो."

त्या संध्याकाळी शाळेच्या आवारात गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना तिच्या हातांना सरोवर आठवलं. काही गोष्टी डोक्याआधी हातांना आठवतात. हिवाळ्यात तिचे बाबा, काका आणि शेजारचा वॉल्टर असे तिघे गोठलेल्या सरोवरावर आत आत जायचे, बर्फाला भोकं पाडून खाली जाळी सोडायचे. शनिवारी ती बरोबर जायची. नाकातले केस गोठून टोचायचे. पाण्यातून वर आलेला मासा पुरती उडीही घेऊ शकायचा नाही, हवेतच कडक व्हायचा. दिवस कलला की वॉल्टर तीन वाटे घालायचा. मोठे पिकरेल मासे, लहान पिकरेल, हाडाळ सकर मासे, सगळं तीन ढिगांत. मग बाबा म्हणायचे, "सिग्गा, फिर." ती पाठ फिरवून किनाऱ्याकडे तोंड करून उभी राहायची. तिच्या पाठीमागे कुणीतरी एका ढिगाला बूट लावायचा आणि विचारायचा, "हा कुणाचा?" ती ओरडायची, "काकांचा!" "आणि हा?" "वॉल्टरचा!" आवाज बर्फावरून दूर घसरत जायचा. त्या क्षणी ती सगळ्या सरोवराची मालकीण असायची. कुणी कधी तक्रार केल्याचं तिला आठवत नव्हतं. वॉल्टर तसा काही संत नव्हता, पत्त्यांत तो सर्रास लबाडी करायचा. पण वाटे घालताना कुठला ढीग आपल्याला जाणार हे त्याला ठाऊक नसायचं, आणि मग त्याचे हात आपोआप खरे व्हायचे. तो एक मासा उचलून इकडे ठेवायचा, मान वाकडी करून बघायचा, पुन्हा तिकडे ठेवायचा. त्याच्याकडून ते करवून घ्यायला कुणी निरीक्षक बसवावा लागला नव्हता. सिग्रुन खरवडणी हातात धरून उभी राहिली. काच अर्धी मोकळी झाली होती, अर्धी पांढरी. शेजारून जाताना व्यायामाच्या शिक्षकाने विचारलं, "गाडी बंद पडली का?" "नाही," ती म्हणाली. "चालू झाली."

सोमवारी तिने वर्गाला नवा नियम सांगितला. प्रयोग संपला की ती फळ्याकडे तोंड करणार. एकजण टेबलाला हात लावून विचारणार, कोण? ती न बघता पहिला, दुसरा किंवा तिसरा म्हणणार. ज्याचा नंबर लागेल त्याने सगळा प्रयोग समजावून सांगायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, का आणि कसं. त्यावर तिघांचे गुण. "तिघांचे?" मागच्या टेबलावरून कुणीतरी कळवळलं. "तिघांचे." आणि वर्गाचा बाजार झाला. अशी कालवाकालव तिच्या खोलीत कित्येक वर्षांत झाली नव्हती. रेन्झोचा नळ फुटला. तो बोलत होता, हातवारे करत होता, टेबलावर बोटाने पाण्याची चित्रं काढत होता. पण, सिग्रुनच्या लक्षात आलं, तो आता भिंतीकडे बघत नव्हता. तो हाबेनच्या चेहऱ्याकडे बघत होता, समजलं का, नाही ना, थांब, दुसऱ्या रीतीने सांगतो. तिचा नंबर लागला तर तिला येणं भाग होतं. "माझ्यावर ओरडू नकोस," हाबेन म्हणत होती, "मी बहिरी नाही, नवीन आहे." डीलिया दोघांना कागदाने वारा घालत होती. निरीक्षक मुलांनी हात टेकले. काटे वेडेवाकडे कलले, वादळात झोपलेल्या कुंपणासारखे. सिग्रुन त्या गोंगाटात उभी होती आणि तिला धास्ती वाटत होती. दहा वर्षांत उभं केलेलं आपण आपल्याच हाताने आडवं करतोय का? मागच्या कोपऱ्यातली एक मुलगी तिला एकटीच कप विसळताना दिसली. ती तिकडे गेली. "तू का धुतेस?" मुलीने वळूनही पाहिलं नाही. "मला विचार करायचाय, मिस. ही दोघं डोकं खातात. सांगते त्यांना थोड्या वेळाने." सिग्रुन परत फिरली. काय मोजायचं असतं माणसाने, तिला वाटलं, आणि कुठून उभं राहून.

गुरुवारी सकाळपर्यंत तिचं ठरत नव्हतं. जुनं दाखवणं सोपं होतं. मुलांना नुसतं सांगायचं, आज वेळा वाटून घ्या. मुलं त्यात पटाईत होती. सगळे काटे सरळ, मॅक्किननबाई खूश, लेन खूश. आणि तीही, हेही तिला ठाऊक होतं, तीही काही दुःखी झाली नसती. कपडे करताना तिने आईची चांदीची पिन लावली, काढली, पुन्हा लावली. वर्गात आली तर खिडकीजवळच्या टेबलाशी आधीच भांडण चालू होतं. थर्मामीटर तळाला टेकवायचा की अधांतरी धरायचा, यावरून. अजून घंटाही झाली नव्हती. त्यांना भांडा असं कुणी सांगितलं नव्हतं. ती भांडणाऱ्या त्या तीन डोक्यांकडे बघत राहिली, आणि ठरवायचं असं काही उरलंच नाही.

बेव्हर्ली मॅक्किनन ठेंगणी, नीटस बाई होती, आणि तिच्या डोळ्यांत खाजगी गंमत चालू असल्यासारखी चमक होती. बरोबरची दोघं लिहून घेत होती. प्रयोग तोच, बर्फाचा. गोंगाट तोच. लेन दाराशी उभा राहून कपाळ पुसत होता. तास संपता संपता सिग्रुनने फळ्याकडे तोंड केलं. पांढऱ्या फळ्यावर तिला आपलीच पुसट आकृती दिसली. पाठीमागे कुणाचा तरी तळहात टेबलावर आपटला. "कोण?" "तिसरा," ती म्हणाली, आणि वळली. खिडकीजवळचं टेबल. तिसरी जागा हाबेनची.

हाबेन उभी राहिली. तिने आधी टेबलाची कड धरली, मग सोडली. "आम्ही बर्फ टिपला," तिने सुरुवात केली. "कोरडा. कारण ओला असला तर आपण पाण्याला बर्फ म्हणतो." ती एकेक पायरी सांगत गेली. शब्द अडले की ती थांबे, मग पुढे जाई. "मग बर्फ वितळतो. वितळतो तेव्हा त्याचा पारा वर जात नाही. पाणी उष्णता देतं, देतं, देतं. बर्फ घेतो. पण थर्मामीटर बर्फात ठेवला तर तो हलत नाही. शून्य म्हणजे शून्य. आपल्याला वाटतं काही होत नाही. पण आत सगळं सुटत असतं." "बंध तुटत असतात, रेणूंचे," रेन्झो मध्येच घुसला, "म्हणजे कसं, की ते एकमेकांना असे घट्ट..." "थांब," हाबेन म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. रेन्झो वाक्याच्या मध्यावर थांबला, तोंड उघडंच. "बंध तुटत असतात," ती म्हणाली, "तेच मी सांगत होते. त्यालाच लागते उष्णता. ती दिसत नाही म्हणून तिला अप्रकट म्हणतात. आमचा आकडा थोडा कमी आलाय. का, ते डीलियाला वाटतं एक, मला वाटतं दुसरं. आमचं अजून मिटलेलं नाही." आणि ती खाली बसली.

निरीक्षक मुलाने त्यांचा काटा फिरवला. तो इतका कलला की जवळजवळ आडवाच झाला. मॅक्किननबाई तबकडीजवळ गेली, चष्मा वर करून तिने ती पाहिली. "आयनार्सनबाई, तुमच्याच मापाने हे वर्गातलं सगळ्यात विषम टेबल. बाकी दोघी मिळून जितकं बोलल्या त्याहून जास्त हा मुलगा एकटा बोललाय." "हो," सिग्रुन म्हणाली. "आणि मला हे आज सगळ्यात चांगलं टेबल वाटतं." दाराशी लेन खोकला. मॅक्किननबाई हाबेनकडे वळली. "तुला काय वाटतं? तुझा वाटा तुला बरोबर मिळाला?" हाबेनने प्रामाणिकपणे विचार केला. तो करताना तिच्या कपाळावर आठी पडली. "नाही," ती म्हणाली. "हा फार बोलतो." वर्ग खदखदून हसला. रेन्झोने दोन्ही हात वर केले. "पण मी थांब म्हटलं की थांबतो," हाबेन पुढे म्हणाली. "आणि मी चुकले की सांगतो. आधी सांगत नव्हता. आधी मला एकटीला चुकू देत होता." मॅक्किननबाईच्या बरोबरच्या माणसाचं पेन कागदावर थांबलं. "हे मी कोणत्या आकड्यात घालू?" बाईने सिग्रुनला विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच हवं होतं. सिग्रुनने भिंतीवरच्या आपल्या पुठ्ठ्यांकडे पाहिलं. ते तिला एकाएकी फार धीट आणि फार लहान वाटले, स्वतःच शिवलेल्या पहिल्या फ्रॉकसारखे. "मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. वर्गासमोर, लेनसमोर, खात्यासमोर. असं म्हणताना आपली मान खाली जाईल असं तिला वाटलं होतं. ती गेली नाही. उलट पाठीचा कणा कुणीतरी हळूच वर ओढल्यासारखा झाला. ही पोरगी, तिच्या मनात चाललं होतं, चुकू द्यायचं नाही एकमेकाला, हे तिने शोधलं. आणि माझ्या खोलीत शोधलं.

आठवड्याभरात निकाल लागला. लेनने तो तासाच्या आधी, वर्गाच्या दारातच सांगितला, कारण वाईट बातमी तो उभ्या उभ्या सांगायचा. "या वर्षी नाही. बाईला आवडलं, फार आवडलं म्हणते. पण सगळ्या शाळांना द्यायचं तर आकडा लागतो, सिग्गा. 'मला माहीत नाही' कसं पाठवणार ती दोनशे शाळांना?" तो क्षणभर थांबला. "जुनं दाखवलं असतंस तर आज आपण केक कापत होतो." "मग केक काप," ती म्हणाली. "मी आईच्या पद्धतीची विनारतेर्ता करून आणते. सात थरांची." "कशाबद्दल?" "खा तर आधी." लेनने तिच्याकडे रोखून बघितलं, मान हलवली आणि गेला. तिला वाईट वाटत होतं. बरगड्यांच्या आत कुठेतरी एक जागा रिकामी झाली होती आणि तिथे गार हवा शिरत होती. दोनशे शाळा. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी नुसतं "हं" केलं असतं आणि सबंध गावाला सांगत सुटले असते. ती आत गेली, मार्कर उचलला आणि गणित मांडायला लागली. तांब्याच्या भांड्यात गरम पाणी, त्यात बर्फ, शेवटचं तापमान किती. तिची ही गणितं पाठ होती. हात आपोआप चालायचा, आणि आज तो चालतोय तेवढंच बरं होतं. पाण्याने किती दिली, बर्फाने किती घेतली, दोन्ही बाजू समान. तिने खाली रेघ मारली.

"मिस, थांबा."

हात वर केलेला नव्हता. परवानगी मागितलेली नव्हती. सिग्रुन वळली. हाबेन जागेवरच उभी होती आणि फळ्याकडे बघत होती, सिग्रुनकडे नव्हे. "हे बरोबर नाही," ती म्हणाली. "भांड्याचं काय? भांडं पण गरम होतं. त्याने पण उष्णता दिली. ती तुम्ही घेतलीच नाहीत." "मेली," रेन्झो पुटपुटला. सिग्रुनने फळ्याकडे पाहिलं. तांबं. इतकी वर्षं फोमच्या कपांत प्रयोग करून करून, ज्या कपाचा हिशेब धरावा लागत नाही, तिने तांबं सोडून दिलं होतं. पोरगी बरोबर होती. आणि सिग्रुनच्या छातीत काहीतरी भरून आलं. दोनशे शाळा एकदम आल्या असत्या तरी हे इतकं भरलं नसतं. लाज नव्हती ती. लाजेची तिला नीट ओळख होती.

"बोल," ती म्हणाली, आणि मार्कर फळ्याच्या कडेवर ठेवून खाली उतरली. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून ती खिडकीजवळच्या टेबलाशी, हाबेनच्या रिकाम्या स्टुलावर बसली. हाबेन पुढे गेली, तिने रेघ पुसली आणि तांब्याचं वस्तुमान लिहायला लागली.

"सरका की जरा, मिस," मागून डीलिया म्हणाली. "तुमच्यामुळे काही दिसत नाही."

सिग्रुन सरकली.